पक्की होण्याआधीचा महिना

लोणी, संगमनेर आणि कोपरगाव. १९८३ साली महाराष्ट्रात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी झाली आणि त्याच वर्षी नगर जिल्ह्यातल्या या तिन्ही ठिकाणी एकेक महाविद्यालय उभे राहिले: प्रवरा, अमृतवाहिनी आणि संजीवनी. तिन्हींच्या पाठीशी सहकारी साखर कारखान्यांतून आलेली माणसे होती. पुढे पुणे विद्यापीठाच्या संगणक अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात प्रात्यक्षिकांच्या पानावर एक सूचना छापून येऊ लागली. चौसष्ट बिटांची ओपन सोर्स लिनक्स किंवा तिच्यापासून निघालेली प्रणाली वापरावी, अशी. त्यामुळे ज्या भागात ऊसतोडीच्या गाड्या रस्ता अडवतात, त्याच भागात मुलांच्या पिढ्या फेडोरा नाहीतर उबुंटूच्या पडद्यासमोर बसून परीक्षा देऊन गेल्या.

या मुलांसमोर जी प्रणाली असते, ती पक्की झालेली असते. बरेचदा शिळीसुद्धा, कारण प्रयोगशाळेतला संगणक एकदा लावून झाला की तो बंद पडेपर्यंत त्याला कुणी हात लावत नाही. तिच्यात काही वेडेवाकडे दिसले तर ‘बंद करून चालू कर’ एवढाच उपाय ठाऊक असतो. प्रयोगवहीत लिनक्सच्या आज्ञा सुवाच्य अक्षरात उतरवणाऱ्यांपैकी कितीजणांनी कधी एखादा दोष तिच्या कर्त्यांना कळवला असेल? फार थोड्यांनी, असा माझा अंदाज आहे. आणि कळवण्याचा खरा मोसम असतो तो प्रणाली पक्की होण्याआधीचा. वर्षातून दोनदा, साधारण महिनाभर, ती अर्ध्या-कच्च्या अवस्थेत जगासमोर ठेवली जाते आणि ‘वापरून बघा, काय मोडते ते सांगा’ असे जाहीरपणे म्हटले जाते. या प्रकरणात त्या महिन्याबद्दल बोलायचे आहे.

उबुंटूची पहिली आवृत्ती ऑक्टोबर २००४ मध्ये आली. तेव्हापासून एप्रिल आणि ऑक्टोबर हे तिचे ठरलेले महिने आहेत आणि आवृत्तीचा क्रमांक म्हणजे वर्ष आणि महिना: २४.०४ म्हणजे २०२४ चा एप्रिल. हे वेळापत्रक चुकले ते एकदाच. २००६ साली एप्रिलची आवृत्ती जूनमध्ये निघाली, म्हणून तिचा क्रमांक ६.०६ पडला. अंतिम तारखेच्या तीन-चार आठवडे आधी बीटा, म्हणजे ती अर्धी-कच्ची प्रत, निघते. त्याच्याही आधीपासून रोज रात्री यंत्रे आपोआप एक ताजी प्रत बांधून ठेवत असतात. ती उघडेल की नाही याची हमी कुणी देत नाही. फेडोराचे चक्रही जवळपास असेच, फक्त तिथे तारखेला तितका मान नाही. अंतिम आवृत्ती सोडायची की नाही यासाठी उघड बैठक होते, रोखून धरण्याजोग्या दोषांची यादी वाचली जाते आणि यादी रिकामी नसेल तर तारीख पुढे जाते. फेडोरा ३७ ही १ नोव्हेंबर २०२२ ला यायची होती. पण ओपनएसएसएल या सुरक्षेच्या घटकात गंभीर भोक असल्याची सूचना आली आणि ती १५ नोव्हेंबरला निघाली.

डेबियनचा कारभार आणखी वेगळा. तिथे तीन कोठारे आहेत. नवा माल पहिल्यांदा ‘सिड’मध्ये पडतो. डेबियनच्या आवृत्त्यांना ‘टॉय स्टोरी’ चित्रपटातल्या पात्रांची नावे देतात आणि सिड हा त्यातला खेळणी मोडणारा पोरगा. त्यामुळे सिड कायमचा अस्थिर, तो कधीच पक्का होत नाही. तिथे दोन ते दहा दिवस काढून, गंभीर तक्रार आली नाही तर माल ‘टेस्टिंग’मध्ये सरकतो. मग कधीतरी टेस्टिंग गोठवतात, नवे काही घेणे बंद होते, महिनोन् महिने फक्त दुरुस्त्या होतात आणि तयार झाल्यावरच ती ‘स्टेबल’ म्हणून बाहेर येते. डेबियन १३ साठी हे गोठवणे मार्च २०२५ मध्ये सुरू झाले आणि आवृत्ती ९ ऑगस्टला आली. या सगळ्यांच्या पोटात असलेला लिनक्स कर्नल स्वतः दर नऊ-दहा आठवड्यांनी नवा होतो. पहिले दोन आठवडे भरती, मग दर रविवारी एक उमेदवार आवृत्ती, अशा सात किंवा आठ.

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या परिसरात राहणाऱ्या वाचकाला यात नवल वाटणार नाही. पिकाचा नवा वाण पैदासकाराच्या वाफ्यात कितीही देखणा दिसला तरी तो लगेच शेतकऱ्याला देत नाहीत. वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या जमिनींत, काही हंगाम त्याच्या चाचण्या होतात. शेतकऱ्यांच्या रानात तो लावून पाहतात. मग जॉइंट ॲग्रेस्कोच्या बैठकीत आकडे मांडले जातात आणि शिफारस होते. वाफ्यात तांबेरा दिसला नाही म्हणून अकोल्याच्या डोंगरउतारावर आणि जामखेडच्या कोरड्या माळावरही तो येणार नाही, असे कुणी शहाणा म्हणत नाही. संगणकप्रणालीचेही तसेच. ती लिहिणाऱ्यांच्या टेबलावर ठरावीक कंपन्यांचे नवे लॅपटॉप असतात, वीज अखंड असते, इंटरनेट वेगवान असते आणि पडद्यावरची भाषा बहुधा इंग्रजी असते. त्या वाफ्यात जे उगवत नाही, ते दुसऱ्या रानातच उगवणार.

याचे दोन दाखले देतो. एक कच्च्या आवृत्तीचा आणि एक पक्क्या आवृत्तीचा.

२००८ च्या सप्टेंबरात उबुंटू ८.१०, फेडोरा, ओपनसुसे आणि मॅन्ड्रिव्हा यांच्या कच्च्या आवृत्त्या वापरणाऱ्यांकडून एकाच प्रकारची तक्रार येऊ लागली. इंटेलचे एक विशिष्ट नेटवर्क कार्ड मरते. मरते म्हणजे खरोखर मरते. संगणक पुन्हा चालू केला, जुनी प्रणाली टाकली, तरी कार्ड स्वतःची ओळख सांगत नाही. चारही प्रणालींत समान होता तो २.६.२७ या कर्नलचा उमेदवार, म्हणून संशय गेला तो त्या कार्डाच्या ड्रायव्हरवर. तो निर्दोष निघाला. गुन्हेगार होते ‘एफट्रेस’ नावाचे एक निरीक्षणाचे साधन. कर्नलमधल्या निरनिराळ्या कामांच्या सुरुवातीचे पत्ते ते स्मृतीत टिपून ठेवी आणि नंतर त्या पत्त्यांवर जाऊन तिथली सूचना बदली. पण संगणक सुरू होतानाच लागणारा काही मजकूर काम झाल्यावर फेकला जातो आणि ती जागा दुसऱ्या कुणाला मिळते. या कार्डाच्या बाबतीत ती जागा मिळाली होती कार्डाच्या स्वतःच्या कायमस्वरूपी स्मृतीला. एफट्रेस जुन्या पत्त्यावर गेले, तिथे काहीतरी लिहिले आणि कार्डातली मूळ माहिती पुसली गेली. ऑक्टोबरात कर्नल २.६.२७ प्रसिद्ध झाला आणि आठवड्याभरातच आलेल्या पहिल्या दुरुस्तीत तो भाग बंद करण्यात आला. ३० ऑक्टोबरला उबुंटू ८.१० पक्की होऊन आली तेव्हा लाखो लोकांनी ती निर्धास्त उतरवून घेतली. मूठभर लोकांची कार्डे त्याआधी गेली होती.

दुसरा दाखला याच्या उलट. ऑक्टोबर २०१७ मध्ये उबुंटू १७.१० रीतसर पक्की होऊन बाहेर पडली. डिसेंबरात तिची प्रत उतरवण्याच्या पानावरून मागे घ्यावी लागली, कारण लेनोव्होच्या काही लॅपटॉपांवर ती बायोस बिघडवत होती. बायोसमधले बदल टिकत नव्हते, काही यंत्रे पेनड्राइव्हवरून सुरूच होत नव्हती. कारण होते कर्नलमधला इंटेलचा एक ड्रायव्हर, जो चालू ठेवायलाच नको होता. दुरुस्त केलेली प्रत जानेवारी २०१८ मध्ये परत ठेवली गेली. बीटाचा महिना झाला होता, चाचण्याही झाल्या होत्या. पण नेमकी ती मॉडेले त्या महिन्यात कुणी नेटाने तपासली नसावीत, किंवा तपासून कळवले नसावे.

आणि तिसरी गोष्ट, जी दाखला म्हणून नव्हे, तर तिच्यासाठीच सांगायला हवी. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड नावाचा मायक्रोसॉफ्टमधला एक अभियंता डेबियन सिडवर काम करत होता. त्याचे क्षेत्र डेटाबेस. सुरक्षेशी त्याचा थेट संबंध नाही. पोस्टग्रेस या डेटाबेसचा वेग मोजण्यासाठी त्याला शांत यंत्र हवे होते आणि यंत्र शांत होत नव्हते. दुसऱ्या संगणकावरून आत येण्याची जी एसएसएच नावाची सोय असते, ती नको तितका प्रोसेसर खात होती. पूर्वी ०.३ सेकंदात होणाऱ्या प्रयत्नाला आता ०.८ सेकंद लागत होते. अर्धा सेकंद! आपण असतो तर चहाचा घोट घेतला असता. त्याने पाठलाग केला आणि तो ‘एक्सझेड’ या फाइली आवळून लहान करणाऱ्या साध्या साधनापाशी पोचला. ५.६.० आणि ५.६.१ या त्याच्या दोन आवृत्त्यांत कुणीतरी चोरदरवाजा बसवला होता. ज्याच्याकडे ठरावीक किल्ली आहे त्याला त्या आवृत्त्या असलेल्या सर्व्हरवर शिरता येईल, असा. ‘जिया टॅन’ हे नाव घेतलेल्या व्यक्तीने, की गटाने, दोन वर्षांहून अधिक काळ त्या प्रकल्पात नेकीने काम करून विश्वास कमावला होता. एकटा, थकलेला मूळ देखभालकर्ता मदत मिळाल्याने सुखावला होता.

२९ मार्चला फ्रॉइंडने हे जाहीर केले. तोवर चोरदरवाजा डेबियनच्या सिड आणि टेस्टिंगमध्ये आणि फेडोराच्या विकासातल्या आवृत्त्यांत पोचला होता. पक्क्या आवृत्त्यांच्या उंबरठ्यावर होता. उबुंटू २४.०४ ची बीटा ४ एप्रिलला यायची होती. संशयित काळात बांधलेले सगळे घटक नव्याने बांधण्यासाठी ती ११ एप्रिलला ढकलली. अंतिम आवृत्ती मात्र ठरल्या दिवशी, २५ एप्रिलला आली, आणि पुढची काही वर्षे बँकांपासून विद्यापीठांपर्यंत सगळीकडे जाणार होती ती हीच. कच्ची आवृत्ती वापरणारा एक चिकित्सक माणूस काय वाचवू शकतो, याचे याहून मोठे उदाहरण मला माहीत नाही.

आता आपल्या जिल्ह्यात हे करायचे तर कसे, ते पाहू.

पहिली अडचण डेटाच्या कोट्याची. उबुंटूची पूर्ण प्रत पाच-सहा जीबीची असते आणि मोबाइलच्या रोजच्या दीड-दोन जीबीत ती उतरवायला तीन-चार दिवस जातात. तोवर नवी प्रत आलेली असते. यावर ‘झेडसिंक’ नावाचे साधन आहे. तुमच्याकडे आधीची प्रत असेल तर ते दोन्हींची तुलना करून फक्त बदललेले तुकडे खाली घेते. म्हणजे पहिली प्रत तालुक्याच्या गावी वायफायवर घ्यावी आणि पुढच्या प्रती घरी तुकड्या-तुकड्यांनी अद्ययावत कराव्यात. प्रत पूर्ण उतरली की तिचा शा-२५६ हा चौसष्ट अक्षरांचा ठसा अधिकृत ठशाशी ताडून पाहायचा. हे पाऊल लोक हमखास गाळतात आणि मग रेंज गेल्याने अर्धवट उतरलेल्या फाइलचा राग बीटावर काढतात.

मग आठ जीबीचा पेनड्राइव्ह आणि एखादा जुना लॅपटॉप. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपल्यापासून असे लॅपटॉप घरोघरी आहेत. चालतात उत्तम, पण विंडोज ११ त्यांना घरात घेत नाही. पेनड्राइव्हवरून प्रणाली ‘लाइव्ह’ चालवता येते आणि ‘इन्स्टॉल’वर जाईपर्यंत आतल्या डिस्कला धक्का लागत नाही. संगणकाच्या आत दुसरा आभासी संगणक उघडून त्यात बीटा टाकण्याची पद्धतही सोयीची आहे, पण चाचणी म्हणून मला ती अर्धीच वाटते. आभासी संगणकाला वायफायचे कार्ड नसते, झाकण नसते, बॅटरी नसते. आणि कच्च्या आवृत्त्या मोडतात त्या नेमक्या तिथेच. झाकण बंद केले, दहा मिनिटांनी उघडले, तर पडदा काळा. ब्लूटूथ दिसते पण जोडले जात नाही. या तक्रारी आभासी यंत्रात कधीच उमटणार नाहीत.

ज्या संगणकावर कुणाचे पोट आहे, त्यावर मात्र बीटा चुकूनही टाकू नये. यात एक गंमत आहे. एप्रिलच्या आवृत्तीची बीटा येते ती बरोबर मार्चअखेरीच्या सुमाराला. विकास सोसायटीचा सचिव, पतसंस्थेचा लेखनिक, सेतू केंद्र चालवणारा, सगळ्यांची त्या दिवसांत झोप उडालेली असते. ऑक्टोबरच्या आवृत्तीची बीटा येते सप्टेंबरात, तेव्हा गळिताच्या हंगामाची जुळवाजुळव सुरू असते. लंडनमध्ये वेळापत्रक ठरवणाऱ्यांना याचा पत्ता असण्याचे कारण नाही. सेतू केंद्रातल्या बोटाच्या ठशाच्या यंत्राला आणि डिजिटल सहीच्या टोकनला पक्क्या लिनक्सवर चालवतानाच घाम फुटतो. कच्च्यावर त्यांचा प्रयोग करणे म्हणजे दारात रांग लावून भांडण ओढवून घेणे.

आपल्याकडची वीज हा मात्र चाचणीचा उत्तम मसाला आहे. अपडेट चालू असताना वीज गेली आणि जुन्या लॅपटॉपची बॅटरी मेलेली असली तर काय होते? फेडोराच्या डेस्कटॉप आवृत्तीने २०२० साली, ३३ व्या आवृत्तीपासून, फाइली ठेवण्याची मूळ पद्धत बदलून बीटीआरएफएस घेतली. तिच्यात जुना मजकूर जागेवर खोडला जात नाही. नवा मजकूर आधी दुसरीकडे लिहिला जातो आणि मगच खूण हलवली जाते, त्यामुळे मध्येच अंधार झाला तरी आधीची प्रत शाबूत राहावी, असा हिशेब. हा हिशेब कागदावर बरोबर आहे. पाथर्डी-शेवगावच्या भारनियमनात तो तसाच उतरतो का, हे पाथर्डीचाच माणूस सांगू शकतो, आणि त्याने सांगितलेले कुणीही उडवून लावणार नाही.

पण आपल्याला सर्वांत जास्त काही सांगता येण्यासारखी जागा म्हणजे मराठी. नगरपासून सव्वाशे किलोमीटरवर, पुण्यात, रेड हॅट कंपनीचे अभियांत्रिकी केंद्र आहे आणि भारतीय भाषांचे फेडोरामधले बरेचसे काम तिथून झाले आहे. लोहित ही मुक्त फॉन्टमालिका रेड हॅटने २००४ मध्ये खुली केली आणि तिची देखभाल पुण्यातून होत राहिली. फेडोराच्या प्रत्येक चक्रात भाषा-सुविधांसाठी एक चाचणी-दिवस ठेवतात. जगात कुठूनही त्यात भाग घेता येतो: बीटा उघडायची, ठरलेल्या पायऱ्या करून पाहायच्या आणि आपल्या भाषेसमोर निकाल भरायचा. मराठीच्या समोर किती नावे असावीत, याचा विचार करावा. आठ-साडेआठ कोटींची भाषा आहे.

काय तपासायचे? माझी शिफारस एका वाक्याची आहे: ‘श्रीगोंद्याच्या शेतकऱ्याने कोऱ्हाळ्याला जाऊन कुऱ्हाडीने पऱ्हाटी तोडली, असे ॲड. जाधव म्हणाल्या.’ साहित्यिक मूल्य शून्य, पण या ओळीत प्रणालीची सगळी दुखणी वर येतात. शेतकऱ्या, कोऱ्हाळे, कुऱ्हाड, पऱ्हाटी यांतला अर्धा र मराठीत आडव्या रेघेसारखा पुढच्या अक्षराला टेकतो. हिंदीत त्याची गरज पडत नाही. त्यामुळे फक्त हिंदीवर तपासलेला फॉन्ट किंवा मजकूर रचणारे इंजिन इथे रफार काढून ‘शेतकर्या’ करून ठेवते. इनस्क्रिप्ट कीबोर्डावर तो शिफ्ट धरून र, मग हलन्त, मग य असा येतो. नव्या आवृत्तीत कीबोर्डाची मांडणी इकडची तिकडे झाली तर पहिला बळी हाच. शिवाय तो दोन प्रकारे साठवला जातो. एकात टिंबाचा ऱ वापरतात, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडखूण. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. शोधायला गेलात की एकात लिहिलेली ‘कुऱ्हाड’ दुसऱ्याच्या शोधात सापडत नाही. सातबाऱ्यांच्या किंवा सभासदांच्या यादीत हे घडले तर काय होईल ते सांगायला नको.

‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आले. त्याआधी लोक अ आणि वरचा चंद्र असे दोन तुकडे जोडून वेळ मारून नेत. तसे जुने दस्तऐवज नव्या प्रणालीत उघडले की कधी कधी मध्येच ठिपक्यांचे एक वर्तुळ उगवते. ल आणि श यांची तऱ्हा निराळी. पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ही मराठीची रूपे महाराष्ट्र शासनाने २००९ च्या निर्णयात प्रमाण मानली. चांगल्या देवनागरी फॉन्टमध्ये दोन्ही रूपे असतात आणि प्रणालीची भाषा मराठी निवडली तर मराठी रूप आपोआप दिसायला हवे. बीटामध्ये मूळ फॉन्ट बदलला गेला, तर हा धागा सहज तुटतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण मजकूर वाचता तर येतोच! त्याशिवाय बॅकस्पेस दाबल्यावर ‘श्री’ एकदम जाते की टप्प्याटप्प्याने, कर्सर जोडाक्षराच्या पोटात अडकतो का, बेरजेत १२,३४,५६७ असे लाखाचे स्वल्पविराम पडतात की तीन-तीनाचे, मेनूतला मराठी शब्द चौकटीबाहेर सांडून अर्धा कापला जातो का. शेवटची तक्रार फार सर्रास आढळते. इंग्रजी मापाने आखलेल्या बटणात वेलांट्या आणि उकार वरखाली छाटले जातात.

प्रिंटरबद्दल थोडक्यात. झेरॉक्सच्या दुकानांत दिसणारे एचपीचे जुने लेझर प्रिंटर, १०२० किंवा एम१००५, यांना लिनक्सवर कंपनीचा बंदिस्त तुकडा वेगळा उतरवून घ्यावा लागतो. प्रणाली नवी झाली की तो तुकडा मागे राहतो. बीटावर एक पान छापून बघणे हे पाच मिनिटांचे काम आहे आणि या प्रिंटरांची खरी वस्ती आपल्याच देशात आहे.

दोष सापडल्यावर काय? इथे बहुतेकांचा उत्साह मावळतो, कारण नुसते ‘मराठी नीट दिसत नाही’ असे लिहून उपयोग नसतो. तक्रारीत पाच गोष्टी लागतात: प्रतीची तारीख, यंत्राचे मॉडेल, नेमके काय केले त्याच्या पायऱ्या, काय व्हायला हवे होते आणि काय झाले. पडद्याचे चित्र जोडले तर उत्तम. मराठीच्या बाबतीत तर ते हवेच, आणि शेजारी बरोबर रूपाचेही चित्र हवे, कारण वाचणारा कोरियाचा किंवा ब्राझीलचा असेल, त्याला चूक आणि बरोबर यांत फरक दिसणार नाही. उबुंटूत ‘उबुंटू-बग’ ही आज्ञा घटकाच्या नावासह दिली की यंत्राची माहिती आपोआप गोळा होते. तक्रार इंग्रजीत लिहावी लागते, हे खरे. पण ती सहा साध्या वाक्यांची असते; बारावीच्या निबंधाइतकीही कठीण नसते. जमीन-मोजणीचा अर्ज ज्याने कधी लिहिला आहे, त्याला ही शिस्त नवीन नाही.

त्याआधी एक शोध घ्यायचा: चूक राहते कुठे? समजा, डेस्कटॉपवरच्या नकाशाच्या ॲपमध्ये जिल्ह्याचे नाव अजून अहमदनगरच दिसते आहे. नाव अधिकृतपणे अहिल्यानगर झाले ते ऑक्टोबर २०२४ मध्ये. याची तक्रार उबुंटूकडे केली तर ती बंद होईल, कारण नकाशा तिचा नाही. तो ओपनस्ट्रीटमॅप या मुक्त प्रकल्पातून येतो आणि तिथे खाते उघडून कुणालाही दुरुस्ती सुचवता येते. तसेच अर्ध्या र चे. एकच ओळ दोन-तीन फॉन्टमध्ये लावून पाहायची. एकाच फॉन्टमध्ये बिघडली तर दोष फॉन्टचा. सगळ्यांत बिघडली तर मजकूर रचणाऱ्या हार्फबझ या इंजिनाचा, किंवा त्या ॲपचा. एवढे शोधून, योग्य दारात टाकलेली तक्रार लवकर हलते. चुकीच्या दारातली तक्रार ‘हे आमचे नाही’ असा शेरा पडून महिनोन् महिने फिरते, तलाठ्याकडून तहसीलला आणि तहसीलमधून भूमी अभिलेखला.

कधी कधी उत्तर येते की दुरुस्ती केली आहे, तपासून सांगा. फेडोरात अशा दुरुस्त्या ‘बोधी’ नावाच्या ठिकाणी ठेवतात आणि तपासणारे त्यांना ‘कर्म’ देतात, अधिक एक किंवा उणे एक. नावे खरोखर हीच आहेत, मी रचलेली नाहीत. पुरेसे अधिक कर्म साठले की दुरुस्ती सगळ्यांकडे जाते. साधारणपणे तीन पुरतात. कोट्यवधींच्या लिपीतली एखादी दुरुस्ती तिघांच्या मतावर पुढे जाते, हे ऐकून मला पहिल्यांदा हसू आले होते.

अंतिम आवृत्ती येते त्या दिवशी बीटा असलेल्या संगणकावर विशेष काही होत नाही. नेहमीची अपडेट घेत राहिले की तीच प्रणाली पक्की होते. नव्याने टाकावी लागत नाही. फेडोरात मात्र चाचणीच्या अपडेटचे कोठार बीटामध्ये चालू असते, ते बंद झाले आहे का एवढे पाहून घ्यावे. आणि आपली तक्रार अजून उघडी असेल तर तिची मुदत लक्षात ठेवावी. फेडोराची एक आवृत्ती सुमारे तेरा महिने सांभाळली जाते. ती संपली की तिच्यावरच्या न सुटलेल्या तक्रारी आपोआप बंद होतात. तोवर पुढच्या बीटा येऊन गेलेल्या असतात. त्यांपैकी एकीवर तीच ओळ पुन्हा टाइप करायची, पऱ्हाटीचा र अजूनही मोडत असेल तर तक्रारीतला आवृत्तीचा आकडा बदलायचा आणि खाली तारीख टाकायची.